मान अजून तिरकीच

लेकीच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन 3 महिने झाले. उजव्या डोळ्याचा एक स्नायू जन्मापासून दुबळा, म्हणून एकाच्या दोन वस्तू दिसू नयेत यासाठी ती मान डावीकडे कलवूनच बघायची. आता डोळे सरळ आहेत, मान मात्र तशीच. ऑपरेशन फसलं की काय, या धास्तीने पोटात गोळा यायचा.

आज डॉक्टरांनी तिच्या एका डोळ्यावर पट्टी लावली आणि तिला खेळू दिलं. दोन डोळ्यांची चित्रं जुळवायची गरजच उरली नाही, की डोळ्यांमुळे कललेली मान सरळ होते. तिची झाली नाही. डोळ्यासमोर प्रिझम, म्हणजे तिरकी काच, धरून डोळ्यांचा तिरकेपणा मोजला, तर तोही जवळजवळ नाहीच. म्हणजे अडचण आता मानेत आहे. इतकी वर्षं एकाच बाजूला कलून तिथला स्नायू आखडलाय.

आता फिजिओथेरपी. मान हळूहळू उजवीकडे ताणायची, आरशासमोर बसून खेळायचं.

"सरळ बस" म्हणून मी तिला किती वेळा ओरडले असेन! तिला ते जमतच नव्हतं. रात्री ती झोपल्यावर मानेवरून हात फिरवला, तर तो ताठरलेला पट्टा बोटांना लागला. पहिल्यांदाच.