वीरा, माइना, क्राती

पेरामाला आमचं जहाज दुरुस्तीला लागलं तेव्हा ऑगस्टचा दुसरा आठवडा चालू होता. पिरेअसच्या पश्चिमेला, सालामिना बेटासमोर हा किनारा आहे. जहाजदुरुस्तीची लहानमोठी वर्कशॉपं तिथे एकाला एक लागून. १५ ऑगस्टला ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण असतो. त्या दिवसांत अथेन्स ओस पडतं, लोक गावी नाहीतर बेटांवर जातात. त्यामुळे किनाऱ्यावरून आलेल्या गँगला काम उरकायची घाई होती.

मी थर्ड इंजिनियर. जहाजाची कामाची भाषा इंग्रजी, तशी लॉगबुकात नोंदही असते. पण चीफ आणि सेकंड इंजिनियर ग्रीक असले की इंजिनरूममध्ये अर्धं बोलणं ग्रीकमध्येच चालतं. कालिमेरा म्हणजे सुप्रभात, एफ्हारिस्तो म्हणजे आभार, एवढं पहिल्या आठवड्यात येतंच. चीफला त्याचं कौतुक नव्हतं. ‘ते टुरिस्टांसाठी,’ म्हणाला, आणि मला तीन शब्द पाठ करायला लावले. वीरा म्हणजे उचल, माइना म्हणजे खाली सोड, क्राती म्हणजे थांब. पहिले दोन इटालियन वळणाचे, खलाशांच्या तोंडचे. क्राती ही ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, इंजिन थांबवायची ऑर्डरही आहे.

होकार-नकार मात्र मला आपोआप कळले नाहीत. ‘ने’ म्हणजे हो. आपल्या कानाला ते ‘घेऊन जा’ वाटतं. ‘नाही’ला ओही, पण कामावरचे लोक तेवढाही त्रास घेत नाहीत. भुवया उंचावून डोकं जरासं मागे टाकतात आणि जिभेने ‘च्यक्’ करतात. ते च्यक् मला लगेच समजलं, आमच्या घरी लहानपणी त्यासाठीच ओरडा बसायचा. आघाताचं प्रकरण अवघड. ‘पोते’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर ‘केव्हा’, दुसऱ्यावर दिला तर ‘कधीच नाही’. दुरुस्तीच्या कामात हे दोन अर्थ तसे फार लांबचे नसतात, तो भाग वेगळा.

त्या दिवशी समुद्राच्या पाण्याच्या कूलिंग पंपाची मोटार री-वाइंड होऊन, म्हणजे आतल्या तारा नव्याने गुंडाळून, परत आली होती. पट्टा बांधून, चेन ब्लॉकला, म्हणजे साखळीच्या कप्पीला, टांगून ती वरच्या प्लॅटफॉर्मवरून खाली सोडायची. वर गँगचे तिघे आणि त्यांचा म्होरक्या, सगळे त्याला ‘मास्तोरा’, म्हणजे मिस्त्री, म्हणायचे. खाली, बाजूला उभा राहून टॅगलाइन, म्हणजे भार हलू नये म्हणून बांधलेली दोरी, धरलेला मी. मधे आमचा सेकंड वॉकी-टॉकी घेऊन होता, पण त्याला कुणीतरी कंट्रोल रूममध्ये बोलावलं आणि वरचे थांबले नाहीत. शेजारी ग्राइंडर चालू, ब्लोअर चालू.

मोटार पंपाच्या वर हातभर असताना तिचा टर्मिनल बॉक्स, म्हणजे तारा जोडायची पेटी, पाइपाच्या फ्लँजवर, जोडाच्या रुंद कडेवर, टेकला. ती बाजू अडकली, दुसरी खाली यायला लागली आणि पट्टा एका बाजूने सैल पडत चालला. वरून हे काहीच दिसत नव्हतं, साखळी खळखळत सुटतच होती.

‘क्राती!’ मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

साखळी जागच्या जागी थांबली. वरून एक डोकं वाकलं. ‘ती एयिने?’ म्हणजे काय झालं. सांगायला माझ्याकडे वाक्य नव्हतं. ‘साम्बानी!’ म्हणालो, हा पट्ट्याचा शब्द सकाळीच त्यांच्या तोंडून ऐकला होता, आणि हात तिरका करून दाखवला. मास्तोराने वरून लांबलचक काहीतरी विचारलं. त्यातलं फक्त ‘वीरा’ मला कळलं.

‘ने, ने! वीरा! सिगा सिगा!’ हळूहळू, म्हणजे.

एकेक कडी करत मोटार वर गेली, बॉक्स सुटला. ती वर घेऊन त्यांनी पट्टा नव्याने बांधला. मास्तोरा स्वतः खाली येऊन उभा राहिला आणि पुढचं ‘माइना’ त्यानेच दिलं. तोवर सेकंड धावत आला होता. त्याने वरच्यांना जे सुनावलं ते शब्द मला चीफने शिकवले नव्हते, पण इंजिनरूममध्ये ते सगळ्यांत आधी कानावर पडतात.

दुपारी नियर मिस रिपोर्ट, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद, भरला, इंग्रजीत. संध्याकाळी मोटारीची ट्रायल. गँग हत्यारं आवरून, हात धुऊन तयार. ब्रेकर टाकला, मोटार सुरेख फिरली. सेकंडने मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगकडे बघून कपाळाला हात लावला. ‘अनापोदा!’

मला अर्थ विचारावा लागला नाही. ती उलटी फिरत होती. मास्तोरा मटकन खाली बसला, इलेक्ट्रिशियनने परत हत्यारं काढली. दिशा उलटवायला दोन फेजच्या तारा अदलाबदल करायच्या, त्याला फारसा वेळ लागला नाही.