चानकी

भाकऱ्या थापून झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची आई चानकी करायची. तळव्याएवढी, कडेला जरा करपलेली. ती ताटात कधी वाढली जायची नाही. गॅसपाशी जो घुटमळत असेल त्याच्या हातावर पडायची, वर तेल-मीठ. बस्स.

संगीतकार बिड्डूचं 'कुंग फू फायटिंग' हे गाणं कसं जन्माला आलं ते वाचलं, तेव्हा मला पहिली ही चानकीच आठवली.

बिड्डू अप्पय्या मूळचा बंगळूरचा. तिथे बँड काढला, मुंबईत वाजवलं आणि साठच्या दशकात नशीब काढायला इंग्लंड गाठलं. १९७४ साली लंडनच्या स्टुडिओत तीन तासांसाठी वादक बोलावलेले. त्यातले दोन तास तर रेकॉर्डच्या पुढच्या बाजूच्या गाण्यानेच खाल्ले. मागची बाजू कोरी कशी सोडायची? गायक कार्ल डग्लसला विचारलं, तुझं स्वतःचं काही आहे का? त्याने चार-पाच गाणी पुढे केली. बिड्डूने एक उचललं, चाल लावली आणि उरलेल्या दहाएक मिनिटांत दोन टेकमध्ये उरकलं. मागची बाजू ऐकतो कोण, म्हणून त्या 'हू! हा!' आरोळ्याही हात सैल सोडून घातल्या.

रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाने ऐकलं आणि सांगितलं, हीच बाजू पुढे घ्या. वर्ष संपायच्या आत गाणं ब्रिटनमध्येही पहिलं आणि अमेरिकेतही. मूळच्या पुढच्या गाण्याचं नाव मला शोधून काढावं लागलं!

१९८० साली 'कुर्बानी'तही तेच. बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची, बिड्डूचं एकच. गायिका नाझिया हसन, जेमतेम पंधरा वर्षांची, आवाज किंचित नाकातला. आमच्या गल्लीतल्या वरातींत क्लॅरिनेटवर 'आप जैसा कोई' सुरू झालं, की आहेराची पाकिटं सांभाळणारे काकासुद्धा खांदे उडवायचे. पुढे 'डिस्को दीवाने' आलं, मग १९९५ मध्ये अलिशाचं 'मेड इन इंडिया'. त्यात पेटीतून मिलिंद सोमण निघाला आणि आमच्या कॉलेजचा अभ्यास बसला तो बसलाच.

परवा हीच गाणी लावून भाकऱ्या थापत होते. शेवटी चिमूटभर पीठ उरलं. लेकीला हाक मारली, "चानकी खातेस का गं?"

कानातले हेडफोन न काढता ती म्हणाली, "हूं."

आली काही नाही. मग उभ्या उभ्या मीच खाल्ली.