हायवे सोडून रामटेक: कन्हान, सूर आणि पेंचच्या खोऱ्यातून सायकलनं

रामटेकला जायचं म्हटलं की नागपूरच्या माणसाच्या डोक्यात एकच रस्ता येतो, कामठी, कन्हान, हायवे, मनसरला उजवीकडे वळलं की आलं. गाडीनं ठीक आहे हो, पण सायकलनं तो रस्ता म्हणजे कानाजवळून ट्रक आणि तोंडात धूळ. म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी मी आणि माझा एक मित्र, दोघांनी हायवे बाजूला ठेवला आणि पांदणी (शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटा), गावरस्ते आणि कालव्याकाठचा मुरूम असं करत नगरधन, रामटेक, मनसर, नवेगाव खैरी असा गोल फेरा मारला. पहिल्या दिवशी साधारण 50-60 किमी, दुसऱ्या दिवशी 70 च्या वर, चढ म्हणाल तर रामटेकची टेकडी सोडून फारसा नाहीच. पण कच्च्या रस्त्यावरचे 50 म्हणजे डांबरावरचे 80 धरा, त्या हिशोबानंच निघा.

सुरुवात मेट्रोनं केली. ऑरेंज लाईन ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते आणि मेट्रोत सायकल नेऊ देतात (तरी निघायच्या आधी स्टेशनवर विचारून घ्या, नियम बदलत असतात), त्यामुळे शहर ओलांडायचा वैताग वाचतो. चौकातून कामठीपर्यंत मात्र मोठा रोडच आहे, पुढं कन्हानपर्यंत मेट्रो वाढवायचं काम चालू असल्यामुळे बॅरिकेड लागतात, तर हा तुकडा सकाळी उजाडल्या उजाडल्या काढून टाका. कामठीची छावणी इंग्रजांनी 1821 साली वसवली, कॅन्टोन्मेंटच्या आतले रस्ते अजूनही रुंद आणि सावलीचे आहेत, तिथं जरा दम घेता येतो. तर्री पोहे इथंच खाऊन घ्या, पुढं गावात टपरी मिळेल पण चहा-बिस्किटाच्या वर फार काही नाही. कन्हानचा पूल ओलांडला की तारसा चौकातून उजवीकडे, आणि इथून पुढं खरी मजा.

तारसा रोड काही वेळ डांबरीच आहे पण ट्रक कमी, आणि जिथं जिथं डावीकडे पांदण फुटते तिथं उत्तरेकडे शिरत जायचं, दिशा चुकायची भीती नाही कारण हवा स्वच्छ असली की रामटेकचा डोंगर समोर दिसतो आणि त्याच्या टोकावर पांढरी देवळं. सॅटेलाइट नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा, पांदणी साध्या नकाशावर येत नाहीत, सॅटेलाइटवर दोन झाडांच्या ओळींमधली मातकट रेघ दिसली की समजा पांदण. प्रत्यक्षात ती म्हणजे बैलबंडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा, दोन्ही बाजूंनी बाभळी आणि पळस. धान निघून गेलेला, बांध्यांमधे नुसती खुंटं, तणसाचे ढीग, कुठं धानाच्या बांधीतच लाखोळीची डाळ उगवलेली. तासन्‌तास मोटारीचा आवाज नाही, ट्रॅक्टर आला तर तो लांबूनच कळतो आणि आपण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढून त्याला जागा द्यायची एवढंच.

एका पांदणीत समोरून बंडी आली. बंडीवरच्या काकांनी बैल थांबवले आणि आमच्याकडे वरून खालपर्यंत पाह्यलं.

"काऊन भाऊ, रोड चुकले का?"

"नाही काका, मुद्दामच इकडून आलो."

"मुद्दाम? आम्ही या पांदणीवर गिट्टी टाका म्हणून किती वर्षं मागं लागलो, अन् तुम्ही मातीतून मुद्दाम येऊन राहिले."

यावर काय बोलणार. पण काकांनीच पुढं सांगितलं की नाल्यात अजून पाणी आहे, सायकल उचलून नेण्यापेक्षा धुऱ्याधुऱ्यानं जा, वडाच्या झाडापाशी परत पांदण लागते, आणि लागलीच. नकाशापेक्षा माणसाला विचारा. आणि ज्या रस्त्याची आपण मजा घेऊन राहिलो तोच रस्ता पावसाळ्यात यांच्या मुलांची शाळा बुडवतो हेही डोक्यात असू द्या, शेतात पीक उभं असेल तर आत चाक घालू नका, फाटक जसं सापडलं तसं ठेवा.

आता मातीचं. या पट्ट्यात मुरूम आणि काळी माती आलटून पालटून लागते. मुरमावर सायकल पळते, काळी माती कोरडी असली की खडबडीत पण चालणारी, आणि ओली असली तर विषय संपला, चाक आणि फ्रेमच्या मधे भरते आणि चाक फिरायचंच बंद होतं. त्यामुळे जून ते ऑक्टोबर या फेऱ्याचं नाव काढू नका, अवकाळी पाऊस पडला असेल तर दोन-तीन दिवस कडक ऊन पडू द्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मार्चनंतर दुपार झेपत नाही, नागपूरचं ऊन नागपूरकरांना काय सांगायचं.

नगरधनला पोचलो तेव्हा दुपार होती. रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर सपाट शेतात हा किल्ला उभा आहे, डोंगर नाही की खंदकाचा थाट नाही, गावाच्या कडेला अचानक तटबंदी येते. आज दिसतं ते बांधकाम भोसल्यांच्या काळाशी जोडतात, पण जागा कितीतरी जुनी. हेच वाकाटक राजांचं नंदिवर्धन, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासची त्यांची राजधानी. 2015 ते 2018 या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागानं इथं उत्खनन केलं, त्यात प्रभावतीगुप्ता राणीच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, ब्राह्मी अक्षरं आणि त्यावर शंख. ही बाई गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन लवकर गेला आणि मुलं लहान म्हणून राज्यकारभार हिनं चालवला. किल्ल्याच्या आत जमिनीखाली पायऱ्या उतरून देवीचं ठाणं आहे, भर दुपारी तिथं एकदम गार वाटतं.

तटावर उभं राहिलो आणि सकाळपासून जे डोळ्यासमोर होतं त्याचा अर्थ लागला. राजधानी खाली धानाच्या सपाटीवर, पूर्वेला सूर नदी, पश्चिमेला कन्हान-पेंच, आणि उत्तरेला घोड्याच्या नालेसारखा वळलेला रामगिरी, म्हणजे रामटेकचा डोंगर, जिथं राजघराण्याचे देव. गाडीनं आलं की नगरधन एक पॉइंट, रामटेक दुसरा, मनसर तिसरा, प्रत्येकाचा वेगळा फोटो. पांदणीनं येताना डोंगर सतत समोर राहतो, हळूहळू मोठा होतो, आणि मग हे तीन पॉइंट नसून एकच गाव होतं असं वाटायला लागतं. माझ्या मते या फेऱ्याचं सगळं सार नगरधन ते रामटेकच्या त्या तुकड्यात आहे, वेळ कमी असेल तर बाकी सोडा, हा सोडू नका.

रामटेकमधे मुक्काम. लॉज, भक्तनिवास असं सगळं मिळतं, फक्त सायकली रात्री आत ठेवू देतील का ते आधी फोनवर विचारा. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेच्या वेळी जाऊ नका, चालायला जागा नसते तिथं सायकल कुठं घालता. संध्याकाळी अंबाळा तलाव पाहा, काठावर घाट आणि देवळं, उजेड उतरता असताना छान दिसतं. कर्पूर बावडी ही जुनी विहीर जरा आडबाजूला आहे म्हणून लोक टाळतात, टाळू नका. जेवणानंतर रामटेकचं पान खाल्लंच पाहिजे, इथल्या पानमळ्यांचं नाव जुनं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गडावर. वर गाडीरस्ता जातो आणि शेवटचा चढ चांगलाच उभा आहे, लोडेड सायकल असेल तर सामान लॉजवर ठेवा. राममंदिरात सगळे जातात, पण केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन लहान देवळं बघायला कोणी थांबत नाही आणि खरं जुनं तेच आहे, वाकाटकांच्या काळातलं. केवल नरसिंहाच्या देवळात शिलालेखही आहे. आत अंधार असतो, मोबाईलचा टॉर्च हळू वर नेला की तांबूस दगडाचा भलामोठा नरसिंह दिसतो, एक गुडघा उभा करून ऐसपैस बसलेला, हातात चक्र, चेहऱ्यावर राग वगैरे काही नाही, पोटभर जेवून बसलेल्या माणसासारखा निवांत. वराहाची मूर्ती पण बघा, तिच्या पोटाखालून पापी माणूस निघू शकत नाही म्हणतात, माझा मित्र निघाला, त्यामुळे माझा त्या गोष्टीवर विश्वास राहिला नाही. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी तो हाच असं मानतात, वरून आषाढातले ढग पाहिले असतील तर पटतं, पण आषाढात सायकल नाही आणायची हे वर सांगितलंच आहे. माकडांसमोर केळी काढू नका आणि हँडलबारची बॅग उघडी ठेवून देवळात जाऊ नका.

तिथून खिंडसी. सूर नदी अडवून इंग्रजांच्या काळात केलेला हा तलाव, बोटिंगच्या बाजूला गर्दी असते, आपण कडेकडेनं जायचं. पुढं मनसर. इथली हिडिंबा टेकडी म्हणजे विटांचं प्रचंड बांधकाम, 1997-98 पासून जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी खोदकाम केलं आणि वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच असं मांडलं. ही जागा बौद्ध वारसा मानणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे आणि तो वाद जुना आहे. विटा जवळून पाहा, आपल्या आजच्या विटेपेक्षा कितीतरी लांबरुंद. बाजूलाच मॅंगनीजच्या खाणी, त्यामुळे या भागात रस्त्याची धूळ काळपट होते आणि चेनवर बसते.

मनसर ते आमडी फाटा हायवे टाळता येत नाही. सर्व्हिस रोड जिथं आहे तिथं तो धरा, मागचा लाल दिवा भर दिवसा पण चालू ठेवा, आणि दोघं असाल तर गप्पा मारत बाजूबाजूनं चालवू नका. आमडी फाट्यावरून पारशिवनीकडे वळलं की जीवात जीव येतो. पारशिवनीत आलूबोंडा खा, पाण्याच्या सगळ्या बाटल्या भरा, कारण यापुढं सावली आहे पण दुकानं नाहीत.

नवेगाव खैरीचं धरण पेंच नदीवर आहे, तोतलाडोहच्या खालच्या अंगाला. नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथूनच येतं, म्हणजे आपण रोज पितो ती नदी बघायला आलो असं समजा. धरणाच्या वरच्या बाजूला जंगल आणि पेंच व्याघ्र प्रकल्प, तिकडं सायकल घेऊन घुसायचं नाही, कुणी कितीही म्हणो की काही होत नाही. या भागात वाघ, बिबट खरंच फिरतात, रानडुकरं तर आहेतच. सकाळी आठच्या आधी आणि दुपारी चारनंतर झाडीच्या रस्त्यावर नको. मार्च-एप्रिलमधे पहाटे लोक मोहफुलं वेचायला येतात आणि अस्वलालाही मोहफुलंच आवडतात, तेव्हा तर अजिबातच नको.

धरणाखालून उजव्या कालव्याच्या काठानं मुरमाचा रस्ता आहे आणि या फेऱ्यात सलग वेगानं सायकल चालली ती इथंच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं, उतार जाणवत नाही इतका हलका. रस्ता पाटबंधाऱ्याच्या लोकांसाठी आहे, आपण पाहुणे. कुठं साखळी लावलेली असेल किंवा चौकीदार नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका, शेजारच्या गावरस्त्यानं जा. पाण्यात मात्र उतरू नका, पाय धुवायला पण नाही. अस्तर केलेला काठ उताराचा आणि शेवाळलेला असतो, पाण्याला ओढ असते, पोहणाऱ्याला सुद्धा वर यायला हात धरायला काही मिळत नाही.

शेवटी कालवा सोडून नदीच्या बाजूला आलो. बीना गावापाशी कन्हान, पेंच आणि कोलार एकत्र येतात, जागा चांगली आहे पण खापरखेड्याच्या आसपास कोळशाचे आणि राखेचे ट्रक चालू असतात, रविवारी जरा कमी. इथून कामठी आणि परत मेट्रो.

सायकलचं बोलायचं तर ग्रॅव्हल बाईकच (कच्च्या रस्त्यासाठीची जाड टायरची सायकल) पाहिजे असं काही नाही, मित्राची जुनी एमटीबी (माउंटन बाईक) होती आणि पांदणीत तो माझ्या पुढंच होता. टायर 38-40 मिमीच्या खाली नको. खरा शत्रू बाभळीचा काटा. शेतकरी कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावतात, त्या तुटून चाकोरीत पडतात, आणि काटा असा सरळ उभा घुसतो की बाहेर फक्त बारीक टोक दिसतं. ट्यूबलेस टायर आणि आत ताजं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) असेल तर काटा लगेच उपटू नका, राहू द्या, रात्री मुक्कामी बघा. ट्यूब असेल तर दोन स्पेअर, पॅच आणि पंप प्रत्येकाकडे वेगळा, आणि नवीन ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोटं फिरवून उरलेलं टोक शोधा, नाहीतर दोनशे मीटरवर परत बसाल. दोघांपैकी एकाचा पाय दुखला तर रामटेकहून इतवारीला पॅसेंजर गाडी आहे, वेळ आणि सायकल नेण्याचं आदल्या दिवशीच स्टेशनवर विचारून ठेवा. पहिल्या दिवशी खिशात सुट्टे पैसे असू द्या, आतल्या गावांत नेटवर्क गेलं की यूपीआय पण जातं.