पुढचा ऑक्सिजन सेन्सर: निदान, बदली आणि नंतरचे आकडे

गाडी २०१४ची, १.२ पेट्रोल, बीएस-४, रीडिंग १ लाख ६० हजारांच्या पुढे. प्लग, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीचं काम आधीच उरकलंय. तरी शहरातलं पंधराचं अ‍ॅव्हरेज साडेबारावर घसरलेलं, आणि त्यात चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी०१३३, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीचा ऑक्सिजन सेन्सर सुस्त झालाय. हा धुरातला ऑक्सिजन बघून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पेट्रोल कमी-जास्त करायला सांगतो; दुसरा सेन्सर कन्व्हर्टरच्या मागे असतो. गॅरेजमध्ये उत्तर तयारच होतं: 'दोन्ही सेन्सर टाकून द्या साहेब, टेन्शन नको.'

टेन्शन नव्हतंच, घाईही नव्हती. सायलेन्सरच्या लाइनला सेन्सरच्या आधी कुठे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगायला लागतो. म्हणून आधी थंड इंजिनवर मागच्या नळीतून ब्लोअरने हवा सोडली आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे कुठेच नाहीत. इनटेकच्या व्हॅक्यूम नळ्याही ठीक निघाल्या.

मग ग्राफ. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: अ‍ॅपमध्ये आठ-दहा गेज एकदम उघडले की प्रत्येकाचं रीडिंग रेंगाळत येतं आणि ठणठणीत सेन्सरही आळशी दिसतो. फक्त पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज उघडा, बाकी सगळं बंद. इंजिन पूर्ण गरम करून २५०० आरपीएमवर धरलं. झिर्कोनिया या सिरॅमिकचा चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली होत राहतो, दहा सेकंदांत निदान आठ-दहा वेळा ०.४५ची रेघ ओलांडतो. माझा चढायचा तो लोळत, आणि वर ०.६५च्या पुढे जायलाच तयार नाही. अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबल्यावर ०.९च्या आसपास जायला हवा होता, तिथेही तेच. सोडल्यावर खाली मात्र व्यवस्थित येत होता.

अ‍ॅव्हरेज का पडलं तेही इथेच कळतं. व्होल्टेज वर म्हणजे पेट्रोल जास्त, खाली म्हणजे कमी. सेन्सर पुरेसा वर जात नाही, ईसीयूला वाटतं मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे, मग तो पेट्रोल वाढवत बसतो. लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने सवयीने धरलेली पेट्रोलची वाढ, +१३ टक्के होता.

हीटर तपासायला मल्टीमीटर पुरतो. सेन्सर ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून चार वायरींपैकी दोन हीटरच्या असतात. माझ्या सेन्सरला दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. दुसऱ्या मेकमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या आणि काळी सिग्नलची असते, त्यामुळे रंगावर विसंबू नका, आकृती बघा. हीटरचा रेझिस्टन्स काही ओहममध्येच आला, म्हणजे कॉइल शाबूत. दुखणं सेन्सरच्या टोकातच.

पार्ट नंबर जुळवून नाना पेठेतून ओरिजिनल कपलरवाला (वायरीला जोडणीचं तयार टोक असलेला) सेन्सर आणला. युनिव्हर्सल स्वस्त पडतो, पण त्यात वायरी जोडाव्या लागतात. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत जाते, म्हणून तिथे सोल्डर चालत नाही, क्रिंपच (धातूची नळी दाबून जोड) करावं लागतं. कपलरमध्ये ग्रीस किंवा क्लीनर मारू नये तो याचसाठी.

काढताना इंजिन कोमट ठेवलं, आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. साधा २२चा पाना वायरीमुळे वरून बसत नाही, बाजूने कापलेला खास सॉकेट लागतो. एक मोठा 'कट' असा आवाज झाला आणि पुढे हातानेच फिरला. आटे १८ मिमीचे होते, नीट निघाले. टोकाच्या जाळीवर पांढुरका, पिठासारखा थर. काळी काजळी असती तर रिच (पेट्रोल जास्त) मिश्रण म्हटलं असतं, तपकिरी असता तर ऑइल. पांढरा म्हणजे बहुतेक सिलिका, आणि ती पेट्रोलमध्ये बुडवून किंवा ब्लोटॉर्चने भाजून जात नाही. सेन्सर धुऊन वापरायचे व्हिडिओ फिरतात खरे, पण भाजताना आतलं सिरॅमिक तडकतं, एवढंच पदरात पडतं.

नवीन सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावूनच येतं, वरून थापायची गरज नाही, आणि टोकाला तर लागताच कामा नये. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे ४५ न्यूटन-मीटर.

कोड पुसून, शहर आणि हायवे मिळून आठवडाभर चालवली. ग्राफ आता ०.१ ते ०.८५, कडक. अ‍ॅव्हरेज चौदाच्या पुढे. ट्रिम +७ला थांबला, आणि शून्याकडे नेण्यासाठी मी आणखी काही उकरणार नाही. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७:१ हवा लागते, ई२०ला साधारण १३.५:१. जुन्या ट्यूनच्या गाडीला तेवढं जास्त इंधन ओतावंच लागतं, आणि सेन्सर ते इमानदारीने करून घेतोय. ई२०वर +५ ते +८ दिसला म्हणून सेन्सर बदलणाऱ्यांनी आधी हा हिशोब करावा.

मागचा सेन्सर बदललेला नाही. तो ०.७च्या आसपास सरळ रेघ धरून बसलाय, म्हणजे कन्व्हर्टर काम करतोय आणि तोही.

राहता राहिला तो पांढरा थर. टॅपेट कव्हरला (इंजिनच्या वरच्या झाकणाला) आधीच्या कुणीतरी भरपूर साधं सिलिकॉन थापलंय. त्याची वाफ ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये आणि तिथून सेन्सरवर जाते, माझा संशय तिथेच आहे. पुढचं काम तेच: सगळं खरवडून नवीन रबर गॅस्केट, आणि कोपऱ्यांना फक्त 'सेन्सर सेफ' लिहिलेली सिलिकॉनची ट्यूब.