दोन शब्दांत न मावलेला पूल

मेघालयातल्या मुळांच्या पुलांवरचं पुस्तक कॅटलॉगिंगच्या टेबलावर आलं, तेव्हा वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. खासी आणि जैंतिया टेकड्यांत ओढ्याकाठच्या रबराच्या झाडाची, म्हणजे फायकस इलॅस्टिकाची, मुळं पोकळ केलेल्या सुपारीच्या खोडांतून किंवा बांबूच्या आधाराने पलीकडच्या काठाला नेतात. ती तिथे रुजतात, जाड होतात, एकमेकांत गुंततात आणि काही वर्षांनी, बरेचदा काही दशकांनी, त्यांच्यावरून माणसं चालू लागतात. सबंध पुस्तक याच विषयावर होतं. पण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांच्या, म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे हे सांगणाऱ्या ठरलेल्या संज्ञांच्या, यादीत, जिला आम्ही नुसतं एलसीएसएच म्हणतो, त्यासाठी शीर्षक सापडेना. फूटब्रिजेस आहे, सस्पेन्शन ब्रिजेस आहे, कव्हर्ड ब्रिजेस आहे. मुळांचा पूल नव्हता.

‘सापडत नाही’ हे म्हणण्याआधी तीन ठिकाणी पाहावं लागतं. पहिलं, क्लासिफिकेशन वेब, म्हणजे ही यादी ऑनलाइन शोधायचं साधन. त्यात शीर्षकाच्या सुरुवातीपासून जुळवणारा शोध वेगळा आणि कीवर्ड शोध वेगळा. पहिलाच शोध करून थांबणारे बरेच जण फसतात, कारण हवी ती संज्ञा कुठल्या तरी शीर्षकाखाली पर्यायी नाव म्हणून दडलेली असते. दुसरं, नव्या शीर्षकांच्या विचाराधीन प्रस्तावांच्या याद्या. तोच विषय आधीच कुणी पाठवलेला असू शकतो. तिसरं, आहेत त्या शीर्षकांना उपविभाग जोडून काम भागतंय का. ‘पुलांची देखभाल’ असा विषय असता तर नवीन काहीच मागायचं नव्हतं, पुलांच्या शीर्षकाला देखभाल-दुरुस्तीचा मुक्त उपविभाग, म्हणजे वेगळ्या मंजुरीशिवाय जोडता येणारा शब्द, लावला की झालं.

इथे भागत नव्हतं. ‘फूटब्रिजेस—इंडिया—मेघालय’ एवढंच दिलं असतं तर हे पुस्तक त्या राज्यातल्या प्रत्येक लोखंडी पादचारी पुलाच्या अहवालाशेजारी जाऊन बसलं असतं. आणि ‘आणखी चार पुस्तकं येऊ देत, मग बघू’ हा विचार तर नियमालाच धरून नाही. सब्जेक्ट हेडिंग्ज मॅन्युअल या नियमपुस्तकातलं एच १८७ हे प्रकरण स्वच्छ सांगतं: वेगळी ओळखता येणारी संकल्पना एखाद्या ग्रंथात पहिल्यांदा भेटली की तेव्हाच शीर्षक करा.

तेव्हा नव्या शीर्षकाचा प्रस्ताव पाठवायचं ठरलं. खरा वेळ नावात गेला. मराठीत ‘मुळांचा पूल’ म्हटलं की कुणाचा गोंधळ होत नाही, पण शीर्षक इंग्रजी संज्ञेचंच हवं होतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर रूट ब्रिजेस, आतल्या प्रकरणांत लिव्हिंग ब्रिजेस, शोधनिबंधांत आणि युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतल्या २०२२ च्या नोंदीत लिव्हिंग रूट ब्रिज. खासी शब्द जिंगकिएंग ज्री. एका सहकाऱ्याचा आग्रह होता की मूळ खासी शब्दच शीर्षकात घ्यावा. मला भावनेने पटत होतं, नियमाने नाही. परभाषेतला शब्द शीर्षक तेव्हा होतो, जेव्हा इंग्रजीत त्याला समाधानकारक प्रतिशब्द नसतो. इथे तो आहे. शिवाय इंडोनेशियात, पश्चिम सुमात्रामध्येही मुळं गुंफून केलेला पूल आहे, त्याला तिथे जेंबातान आकार म्हणतात. खासी नाव शीर्षकात घातलं तर उद्या त्या पुलावरच्या पुस्तकाला आम्ही काय लावणार? जागा दाखवायला भौगोलिक उपविभाग असतोच. तेव्हा खासी शब्द प्रस्तावाच्या नोंदीत ४५० क्रमांकाच्या फिल्डमध्ये, म्हणजे रकान्यात, पर्यायी नाव म्हणून. वाचकाने तो शब्द टाकला तरी तो योग्य जागी पोचतो.

उरले ते दोन छोटे पर्याय. लिव्हिंग ब्रिजेस आणि रूट ब्रिजेस. हेही ४५० मध्ये टाकून मी प्रस्ताव जवळजवळ तयार केला होता. पाठवण्याआधी नवीन रुजू झालेल्या मुलीला म्हटलं, ‘‘हे दोन शब्द आपल्याच कॅटलॉगमध्ये टाकून बघ, काय येतं ते.’’

तिने पडद्याकडे बघत विचारलं, ‘‘मॅडम, यात घरं कुठून आली?’’

लिव्हिंग ब्रिज या नावाखाली पडद्यावर आले ते जुना लंडन ब्रिज आणि फ्लोरेन्सचा पोन्ते व्हेक्यो यांच्याबद्दलचे ग्रंथ. वर दुकानं, घरं असलेले, माणसांनी वस्ती केलेले पूल. वास्तुशास्त्रात लिव्हिंग ब्रिज म्हणजे तेच! आणि रूट ब्रिज टाकल्यावर आलं संगणक जाळ्यांचं एक पाठ्यपुस्तक. नेटवर्कमध्ये स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल चालतो तेव्हा सगळे स्विच मिळून एकाला मुख्य ठरवतात, त्याचं नाव रूट ब्रिज. म्हणजे आमच्या संज्ञेचा एक अर्धा वास्तुविशारदांचा निघाला, दुसरा नेटवर्कवाल्यांचा. तीन शब्द एकत्र असतील तरच तो पूल मुळांचा.

पर्यायी नावं जितकी जास्त तितकं बरं, असा समज आमच्यात पक्का असतो. पण संदिग्ध पर्यायी नाव शीर्षक नसण्यापेक्षा वाईट. पोन्ते व्हेक्यो शोधणारा वाचक थेट मेघालयात पोचतो आणि त्याला कळतही नाही की चूक कॅटलॉगची आहे. कंसात स्पष्टीकरण जोडून ती नावं ठेवता आली असती, पण कंसासकट कोण शोधतं? दोन्ही काढून टाकली.

पुढची अडचण नात्यांची. प्रत्येक शीर्षकाला त्याच्या लगेच वरचं व्यापक शीर्षक, बीटी, द्यावं लागतं. कसोटी साधी आहे. खालची वस्तू वरच्या वर्गाची सदस्य हवी, किंवा भाग हवी, किंवा विशिष्ट उदाहरण हवी. मुळांचा प्रत्येक पूल हा पादचारी पूल आहे, म्हणून फूटब्रिजेस चालतं. त्याच्याही वरचं ब्रिजेस पुन्हा द्यायचं नाही. फूटब्रिजेस आधीच त्याच्याखाली आहे, मधली पायरी ओलांडली की झाड विस्कटतं. रूट्स (बॉटनी) घालायचा मोह मलाही झाला होता. पण पूल हा मुळाचा प्रकार नव्हे, मूळ हे त्याचं साहित्य आहे.

हे सगळं भरताना, नाती नोंदवायच्या ५५० च्या फिल्डमध्ये एक फसवी जागा आहे. शीर्षकाआधी डब्ल्यू उपफिल्डमध्ये ‘जी’ हा कोड घालायचा असतो. तो राहिला तर यंत्रणा तक्रार करत नाही, फक्त नातं बदलतं. व्यापक शीर्षकाऐवजी ते संबंधित शीर्षक, आरटी, होतं. म्हणजे मूल असायचं ते चुलतभाऊ होऊन बसतं. शिवाय ५५० मधला मजकूर अस्तित्वात असलेल्या अधिकृत शीर्षकाशी अक्षराअक्षराने जुळायला हवा.

बाकीची नोंद अशी झाली. १५० मध्ये, म्हणजे मुख्य शीर्षकाच्या जागी, लिव्हिंग रूट ब्रिजेस, अनेकवचनात, कारण मोजता येणाऱ्या वस्तूंची शीर्षकं अनेकवचनी असतात. भौगोलिक उपविभागाला परवानगी, त्यामुळे पुढे इंडिया—मेघालय लागेल. देश आधी, राज्य नंतर. ६७० ही फिल्ड आधाराच्या स्रोतांची. पहिलं ६७० हातातल्या पुस्तकाचं, पृष्ठक्रमांक आणि तंतोतंत उद्धरणासह. इथे सारांश लिहायचा नसतो. तपासणाऱ्याला लेखकाचे शब्द बघायचे असतात, आमची समजूत नाही. त्यानंतरची ६७० इतर स्रोतांची, संकेतस्थळ असेल तर पाहिल्याच्या तारखेसह. ज्या संदर्भग्रंथांत शोधून मिळालं नाही ते ६७५ मध्ये. रिकाम्या हाताने परतल्याचीही नोंद ठेवायची, हा या पद्धतीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. शेवटी ९५२ मध्ये आतल्या लोकांसाठी टीप: कोणत्या आधीच्या शीर्षकाच्या धर्तीवर हे केलं आहे.

प्रस्ताव सॅको या, ग्रंथालयांनी मिळून विषयशीर्षकं सुचवण्याच्या, कार्यक्रमातून जातो, प्रस्तावित शीर्षकांच्या यादीत झळकतो, त्यावर सूचना येतात, मग निर्णय होतो. नाकारलेल्या आणि परत पाठवलेल्या प्रस्तावांची कारणं निर्णयांच्या सारांशात छापतात. नवीन माणसाने मॅन्युअलआधी तेच वाचावेत, असं माझं मत आहे. नव्या पुलासारखं शीर्षक सहसा वादात अडकत नाही. जुनं बदलायचं तर गोष्ट वेगळी. ‘इलीगल एलियन्स’ (बेकायदा परकीय) हे शीर्षक बदलण्याचा प्रस्ताव डार्टमाउथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांच्या मदतीने २०१४ मध्ये पाठवला, तो नाकारला गेला. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने बदल जाहीर केला, तर अमेरिकी प्रतिनिधीगृहाने त्यात हात घातला. आणि प्रत्यक्ष बदल २०२१ च्या नोव्हेंबरात झाला, तोही पूर्णपणे आधी ठरलेल्या शब्दांत नव्हे.

मंजुरी येईपर्यंत प्रस्तावित शीर्षक पुस्तकाच्या नोंदीत ६५० मध्ये, म्हणजे विषयाच्या फिल्डमध्ये, अधिकृत म्हणून लावता येत नाही. पुस्तक मात्र अडवून ठेवायचं नसतं. त्या संध्याकाळी त्याला फूटब्रिजेस—इंडिया—मेघालय दिलं, ६५३ मध्ये अनियंत्रित संज्ञा म्हणून लिव्हिंग रूट ब्रिजेस आणि जिंगकिएंग ज्री दोन्ही टाकले, नोंदीचा क्रमांक प्रलंबित वहीत उतरवला आणि पुस्तक लेबल लावायला पुढे सरकवलं.