दुतोंड्याला पाणी कुठवर?

रविवार. पावसाची पिरपिर.

नाशिकरोडला मामांकडे गेले तर आधीच पाहुणे बसलेले. आणि प्रत्येकाचं तेच टुमणं, "ओळखलंत का? सांगा बरं मी कोण?" मामा कसनुसं हसतात नि मामीकडे बघतात. आजारी माणसाची ही तोंडी परीक्षा कशाला? आपलं नाव आपणच सांगून टाकायला काय जातं? मी दारातूनच म्हणते, "मामा, अक्काची धाकटी आलेय."

बी-१२ नि थायरॉइड आधीच तपासून झालंय. त्यांच्यात बिघाड झाला तरी विसर पडतो आणि तो औषधानं सुधारू शकतो, म्हणून जरा आशा होती. पण निघाला अल्झायमरच. त्यात हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग, लवकर झिजतो, नवं काही टिकत नाही. सकाळचा चहा आठवत नाही, प्रेसमधली पाळी मात्र पक्की आहे.

उभी हयात प्रेसमध्ये गेली, पोस्टाची तिकिटं नि स्टॅम्पपेपर छापण्यात. सुटताना गेटवर झडती व्हायची. आता दिवेलागणीला जीव कासावीस झाला की मामा चपला घालतात आणि दाराशी दोन्ही हात वर करून उभे राहतात. मुलगा "बाबा, तुम्ही रिटायर झालात" म्हणून समजवायला जातो आणि घरात आरडाओरडा होतो. मामी शहाणी. ती खिसे चाचपते, "झालं, चला" म्हणते आणि हाताला धरून चहाला आणते. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी एक संध्याकाळ तिथे काढून बघावी.

आज मी रद्दीचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. मामांनी कागद ठोकून कडा जुळवल्या, अंगठ्यानं कोपरा मुडपला आणि भराभर मोजायला लागले. एक पान जरासं फाटलेलं होतं. ते वेगळं काढून माझ्यापुढे सरकवलं, "हे रिजेक्ट."

मग विचारलं, "अक्का नाही आली?" आई जाऊन बरीच वर्षं झाली. कुणी खरं सांगितलं की मामा दर वेळी नव्यानं रडतात. मी म्हटलं, "आठवण येते तिची?" तर शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगाचा हौद, आठवणीत निघाली. रंगपंचमीला तिच्यात उडी मारून रंगानं निथळत घरी आले होते, तेव्हा अक्का आडवी आली म्हणून मार वाचला. आईनं हे मला कधीच सांगितलं नव्हतं.

पाऊस वाढला तशी मामांनी मान वर केली. "गंगेला पाणी किती? दुतोंड्या बुडाला का?" गंगा म्हणजे आमची गोदावरी नि दुतोंड्या म्हणजे तिच्या पात्रातला दोन तोंडांचा मारुती; नाशिककर पूर त्याच्यावरूनच मोजतात.

"कमरेपर्यंत आलंय म्हणतात."

"हॅट! पूर बघावा तो १९६९ चा!" आणि सुरूच झाले.

थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न. मी बोलण्याच्या नादात गुडघ्यापर्यंत म्हणून गेले. स्वयंपाकघरातून मामी ओरडली, "अगं, मघाशी कंबर म्हणालीस ना!"

मामा म्हणाले, "ओसरलं असेल."