इंदूरच्या गच्चीवर डीडी स्पोर्ट्सची छत्री

भारताची वनडे चालू असते आणि केबलवर डीडी स्पोर्ट्स लावावं तर तिथे दुसराच खेळ! केबलवाल्याशी भांडू नका. २००७ च्या कायद्याने खासगी वाहिनीला महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं, जाहिरातींचं उत्पन्न ७५ टक्के वाहिनीला आणि २५ टक्के प्रसार भारतीला असं वाटलं जातं. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवायचं. म्हणून दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची, डीडी फ्री डिशची, छत्रीच (डिश अँटेना) हवी. महिन्याचं भाडं नाही, हे फार मोठं सुख आहे. आयपीएल मात्र त्या कायद्यात बसत नाही.

६० सेंटीमीटरची छत्री पुरते. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. इंदुरातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १४० अंशांवर आणि क्षितिजापासून ५७ अंश उंच. बहुतेकजण चुकतात ते इथे: ५७ ऐकून छत्री पार आकाशाकडे उताणी करतात. ही छत्री ऑफसेट असते, म्हणजे सिग्नल तिच्यावर तिरका पडतो; म्हणून तिचा पत्रा पाहताना बराच उभा वाटतो, तो तसाच असायला हवा. खांब आधी ओळंब्यात घ्या. तो कलला तर कुठलाच अंश खरा राहत नाही.

टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० भरा. एलएनबी, म्हणजे छत्रीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल टिपणारा डबा, युनिव्हर्सल प्रकारचा असेल तर एलएनबी फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६००. छत्रीमागे उभं राहून एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने ३५ अंशांच्या आसपास फिरवा. मग टीव्हीवर दिसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी स्ट्रेंग्थकडे नाही, क्वालिटीकडे बघा. एलएनबीला नुसती वीज मिळाली तरी स्ट्रेंग्थची पट्टी भरते. छत्री बोटभर हलवा, दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो.

रामबागेसारख्या जुन्या वस्तीत आग्नेयेचा कडुनिंब आडवा येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराला, किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या सुमारास, सूर्य नेमका उपग्रहाच्या जागी असतो. तेव्हा छत्रीवर झाडाची सावली पडली तर जागा बदला. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र जातं. तो सूर्याचा गोंगाट, म्हणजे सूर्याच्या रेडिओलहरींत उपग्रहाचा सिग्नल बुडतो; छत्रीला हात लावू नका.

जोरदार सरीत चित्र फुटणारच, पण पाऊस थांबल्यावरही परतलं नाही तर एलएनबीला केबल जोडणारा पेचाचा एफ-कनेक्टर उघडा. तांब्याची तार हिरवी पडली असेल तर पाणी शिरलंय. छत्रीच्या केबलचं (आरजी-६) ते टोक कापा, नवा कनेक्टर लावा, वर रबरी टेप गुंडाळा आणि केबलला खाली एक वळण सोडा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.